‘आजी शेतात बाळंत झाली’ या मेसेजला उत्तर

नाशिक जिल्ह्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आपल्या आज्या शेतात बाळंत होऊन संध्याकाळी भाकऱ्या थापायच्या. सुरगाणा-पेठच्या आदिवासी बायका काटक असतात, नागली खाऊन ठणठणीत राहतात. लोहाच्या गोळ्यांनी मूल काळं होतं. आणि दवाखाने फक्त पैसे काढायला बसलेत. खाली शंभर अंगठे. त्यातले बहुतेक पुरुषांचे, पण ते असो.

आजीपासून सुरुवात करू. नातवाला गोष्ट सांगायला जी उरली, ती वाचलेली आजी. जी गेली, तिच्या घरात बिजवराचं लग्न लागलं. घरोघरच्या वंशावळी उघडा आणि पणजोबांची दुसरी बायको कशी आली ते विचारा. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण, म्हणजे भूत, होते हे भय गावोगाव होतं, ते उगाच नाही. देशात १९९७-९८ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ९७, महाराष्ट्रात ३३. लग्नाचं वय वाढलं, मुलं कमी झाली, हेही त्यामागे आहे. पण घरची बाळंतपणं दवाखान्यात गेली, हे वगळून हा हिशेब लागत नाही.

नागलीबद्दल वाद नाही, उत्तम धान्य. शंभर ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम. लोह मात्र जेमतेम चार-पाच मिलिग्रॅम, त्यातलंही थोडंच अंगी लागतं. लोहाच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम असतं.

या गोळीने मूल काळं होत नाही. काळी होते ती आईची शी, आणि अफवा बहुधा तिथूनच निघाली असावी. मळमळतं हे खरं, म्हणून पाकिटं पेटीत पडून राहतात. रात्री जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. चहासोबत घेऊ नये, कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. असं किमान १८० दिवस. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं तर मात्र गोळीवर भागत नाही, शिरेतून लोह किंवा रक्त द्यावं लागतं. बाळंतपणात अर्धा लिटरपर्यंत रक्त धडधाकट बाईचंही जातं आणि ती सावरते. सहा हिमोग्लोबिनवाली सावरेलच असं नाही. रक्तस्राव थांबला नाही तर दोन तासांतही जीव जातो, आणि सुरगाण्याहून बोरगाव, वणी, दिंडोरी करत नाशिक गाठायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. पावसाळ्यात पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत झोळीतून यायचं, ते वेगळंच.

पैशाचं म्हणाल तर सरकारी दवाखान्यात २०११ पासून बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी, सगळं मोफत आहे. तरी कुठे ‘औषध बाहेरून आणा’ म्हणतात. ही तक्रार रास्त आहे, ती १०४ वर करा. पण त्यासाठी बाईला घरीच ठेवणं म्हणजे रुसून आपलंच घर जाळणं.

आता ‘काटक’. याचा मला खरा राग आहे. सहाव्या महिन्यात डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारी बाई काटक नसते, तिला दुसरा इलाज नसतो. बेताची हालचाल चांगलीच. पोटात अन्न कमी आणि अंगावर काम जास्त, ही हालचाल नव्हे. अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून अमृत आहार योजनेत शेवटच्या तीन महिन्यांत अंगणवाडीत गरम जेवण मिळतं. पण पावसाळा संपला की हीच बाई नवऱ्यासोबत दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) येते. ताट गावात, तपासणीचं कार्ड गावात, आशाताईही गावातच. बागेत फवारणी चालू असते आणि ती त्याच ओळीत उभी.

मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत बागायतदारही दिसले. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी तिला गाडीने नेऊन आणा आणि हजेरी कापू नका.