लायब्ररीत कोण जातं हो आता?

आज सकाळी एका पाहुण्याने विचारलं, पॉइंट सोडून माथेरानात बघण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, बाजारात आमची करसनदास मुळजी लायब्ररी आहे, जाऊन बसा घटकाभर. तर हसला. "लायब्ररीत कोण जातं हो आता? एवढ्या मोक्याच्या जागी मस्त कॅफे निघेल." आणि मी काय केलं? मीही हसलो. गिऱ्हाईक होतं ना. ते हसू दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

अरे बाबा, तू शनिवारी येतोस, रविवारी उतरतोस. पावसाळ्यात पाहुणे ओसरले की इथे काय उरतं ते तुला काय ठाऊक? धुकं, ओल आलेल्या भिंती आणि आम्ही. नेरळहून येणारी मिनी ट्रेन बंद. मोटार तर बारा महिने गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे येतच नाही. अशा दिवसांत खिशात हात न घालता चार माणसांत बसायची जागा कुठली? देऊळ आहे, मशीद आहे, पण तिथे आपापली माणसं. घोडेवाला, हमाल, हॉटेलवाला आणि पेन्शनर एका बाकावर फक्त लायब्ररीत.

माझे बाबा घोडेवाले. अक्षरओळख सहीपुरती. २००५ च्या जुलैत रेल्वेमार्गच वाहून गेला, तेव्हा वर पेपरही धड पोचत नव्हते. लायब्ररीत एक निवृत्त गुरुजी मागच्या वर्षीचे दिवाळी अंक मोठ्याने वाचायचे आणि बाबा खिडकीशी, डोक्यावर इरलं तसंच ठेवून ऐकायचे. एकदा गुरुजींनी कंटाळून कथेतली दोन पानं गाळली. बाबा म्हणाले, "गुरुजी, मधलं खाल्लंत तुम्ही." ती कथा त्यांनी आधी एकदा ऐकली होती. फक्त एकदा! गुरुजींनी मुकाट्याने मागची पानं उलटली.

कॅफेत कोण वाचून दाखवणार होतं त्यांना? मेनूकार्ड?

हो, मोबाईलवर सगळं मिळतं, मान्य. गर्दी पूर्वीसारखी नसते, तेही मान्य. पण इतका राग येतोय तो त्या पाहुण्याचा आहे का, हे आता टाईप करताना कळेनासं झालंय. त्याला काय, तो परका. मी स्वतः शेवटचा कधी गेलो होतो? गेल्या पावसाळ्यात. तेही छत्री विसरली म्हणून आडोशाला. करसनदासांवर, म्हणजे त्या समाजसुधारक पत्रकारावर, सिनेमा आला तेव्हा धर्मगुरूने त्यांच्यावर केलेला १८६२ चा बदनामीचा खटला, त्यांचं धाडस, सगळं स्टेटसला टाकलं आपण. "आमच्या माथेरानात त्यांच्या नावाची लायब्ररी आहे" असं मिरवलंही. आत किती जण गेलो?

महाबळेश्वरजवळचं भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, तिकडे मात्र आपण सहकुटुंब फोटो काढून आलो. (फोटो चांगले आलेत, ते सोडा.)

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. परवा मुलीला गोष्ट वाचून दाखवताना झोप आली म्हणून मी एक पान गाळलं. तिच्या लक्षात आलं नाही. मला वाईट वाटलं, खरंच सांगतो. आजोबा असते तर पकडला असता मला.

असो. उद्या पाच वाजता मी तिला घेऊन लायब्ररीत जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी या. लाल चिखलाचे बूट बाहेर काढा. चहा माझ्याकडून, पण तोही बाहेरच.