ब्लीचमध्ये अ‍ॅसिड ओतून डिपॉझिट सुटत नाही

परवा रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. "मावशी, डोळे फार चुरचुरतायत. पण मेसेजमध्ये वीस मिनिटं ठेवायला सांगितलंय. अजून किती घासू?" मधूनमधून खोकला. बाथरूमचं दार लावलेलं, का तर वास घरभर नको. एक्झॉस्ट पंखा बंद, का तर तो खडखडतो. मी ओरडलेच, "ब्रश आहे तिथे टाक आणि आधी बाहेर हो!"

या वीस मिनिटांचा उगम म्हणजे 'भाड्याचं घर सोडताय? डिपॉझिट शंभर टक्के परत मिळवण्याच्या सहा युक्त्या' हा फॉरवर्ड. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीन जणांनी टाकला. त्यातले दोघं जन्मात कधी भाड्याने राहिलेले नाहीत.

पहिली युक्ती शब्दशः अशी: "टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच समप्रमाणात मिसळा, ताकद दुप्पट होते, मालक डाग शोधत राहील."

डाग शोधायला मालक येईल तेव्हा येईल, त्याआधी अँब्युलन्स येईल. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि मागे उरतं मीठ आणि पाणी. म्हणजे ज्या दोन रसायनांच्या जोरावर डाग जायचा, तीच एकमेकांना खाऊन टाकतात. दुप्पट ताकद कुठून येणार? क्लोरीन म्हणजे पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर सैनिकांवर सोडला तोच वायू. तो हवेच्या अडीच पट जड असतो, त्यामुळे खाली साचतो. आणि संडासाचं भांडं घासणारा माणूस कुठे असतो? खाली, उकिडवा बसलेला, दार लावलेल्या खोलीत. डोळ्यांतल्या आणि घशातल्या ओलाव्यात हा वायू विरघळतो आणि तिथे आम्ल तयार होतं. भाचीचे डोळे चुरचुरत होते ते यामुळे, 'क्लीनर काम करतंय' म्हणून नव्हे.

मी घाबरवतेय असं वाटत असेल तर अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा, एप्रिल २०२० चा अहवाल पाहा. त्या वर्षीच्या पहिल्या तीन महिन्यांत तिथल्या विषबाधा केंद्रांना स्वच्छतेच्या आणि जंतुनाशक रसायनांच्या बाधेबद्दल ४५,५५० फोन आले, आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सुमारे २० टक्के जास्त. त्यात एका बाईंची हकीकत आहे. बाजारातून आणलेला भाजीपाला त्यांनी सिंकमध्ये ब्लीच, व्हिनेगर आणि गरम पाण्याच्या मिश्रणात भिजत घातला. थोड्याच वेळात उग्र वास, खोकला, श्वास लागला. रुग्णालयात नेऊन ऑक्सिजन द्यावा लागला. आणि ते नुसतं व्हिनेगर होतं. टॉयलेट क्लीनरमधलं अ‍ॅसिड त्याहून कितीतरी जहाल.

बरं, यात अर्धं सत्य आहे, तेही सांगते. दोन्ही बाटल्या आपापल्या जागी कामाच्या आहेत. टाइल्सवरचा पिवळट, खरखरीत थर क्षारांचा असतो. तो अ‍ॅसिडने सुटतो, ब्लीचने ढिम्म हलत नाही. टाइल्सच्या सांध्यांतला काळपटपणा बुरशीचा. त्याला ब्लीच, आणि तिथे अ‍ॅसिड लावलंत तर सांध्यातलं सिमेंटच झडतं. एका दिवशी एक, भरपूर पाण्याने धुऊन, दार-खिडकी उघडी ठेवून. दुसरं दुसऱ्या दिवशी. चुकून मिसळलंच तर सगळं आहे तिथेच सोडून मोकळ्या हवेत जायचं, डोळे पाण्याने धुवायचे, आवरायला परत आत शिरायचं नाही, आणि श्वास जड वाटला तर थेट डॉक्टर. त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो, म्हणून 'आता बरं वाटतंय' यावर जायचं नाही.

बाकीच्या युक्त्यांवर एवढा जीव जाळायचं कारण नाही. खिळ्याच्या भोकात टूथपेस्ट? टाचणीएवढं भोक आणि पांढरी भिंत असेल तर चार दिवस दिसणार नाही, मान्य. खिळ्याच्या भोकात ती वाळून आक्रसते, खळगा पडतो, आणि मालकाने बोट फिरवलं की तो बाकीच्या भिंतीही तपासायला लागतो. पुट्टी भरायची, वाळली की पॉलिश पेपर मारायचा, संपलं. डागावर तेवढाच रंगाचा पट्टा मारायचा सल्ला तर नकोच. शेड तीच आणलीत तरी जुनी भिंत विटलेली असते, नवा चौकोन लांबून ओळखू येतो. शिवाय रंगाचा खर्च कापून घेण्याचं कलम करारात असेल तर तुम्ही तोच खर्च दोनदा करताय.

व्हिनेगरने नळावरचा पांढरा थर जातो, हे बरोबर. पण पुढच्याच ओळीत "संगमरवरी ओटाही चमकवा"! तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा आणि संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटचाच. व्हिनेगरला त्यातला फरक कळत नाही. ओट्याची झिलई जाते, आणि तो डाग नसल्यामुळे पुसूनही निघत नाही.

"शेवटच्या महिन्याचं भाडं देऊच नका." यामागचं दुखणं खरं आहे. डिपॉझिट दाबून बसणारे मालक असतात, मीही एकदा पोळलेय. पण मालकाची लेखी संमती नसताना असं केलंत की करारानुसार थकबाकीदार तुम्ही. 'माझ्याकडे तुमची एक दमडीही येणं नाही' हे ठणकावून सांगण्याची सोय तुम्हीच घालवलीत. त्यापेक्षा बिलं चुकती करा, मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, किल्ल्या दिल्याची सही घ्या आणि कपात असेल तर बाबवार, बिलांसकट लेखी मागा. उन्हाने विटलेला रंग आणि सैल झालेली कडी ही वापरातली झीज. दाराला पडलेलं भोक हे नुकसान. भांडण या फरकावर करायचं असतं.

शेवटची युक्ती: साफसफाई झाल्यावर व्हिडिओ काढा. काढा की, चांगलंच आहे. पण त्या व्हिडिओची तुलना कशाशी करणार? राहायला गेलात त्या दिवशीच्या फोटोंशी. हे मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि खरं काम तेच करतात.

काल भाचीला जुना फोन उघडायला लावला. सामान आत यायच्या आधी तिने सहज काढलेले अकरा फोटो सापडले. त्यातला एक बाथरूमचा. ज्या पिवळ्या थरासाठी ती दार लावून खोकत बसली होती, तो पहिल्या दिवशीही तिथेच होता.