पावणेदोन मिनिटाला एक कप

रविवारी सकाळी आमचा कट्टा भरतो तो शेठच्या अमृततुल्यासमोर, म्हणजे चहाच्या दुकानासमोर. कट्टा म्हणजे बंद पडलेल्या छापखान्याची पायरी. त्या दिवशी पिंट्या आला तोच हातात रंगीत माहितीपत्रक घेऊन. चाकणच्या कंपनीने त्याला व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती दिलीय, ९ लाख हातात आलेत आणि त्याच्या डोक्यात चहा शिरलाय. एका साखळीवाल्यांची फ्रँचायझी घ्यायची. बोर्ड त्यांचा, मसाला त्यांचा, पावडर त्यांची, पैसे ह्याचे.

"चहाला मरण नाही," पिंट्या म्हणाला. "१० रुपयांचा कप, ६ रुपये नफा. हिशोब साधा आहे."

"कोणी सांगितलं ६?" अण्णांनी विचारलं. अण्णा बँकेतून निवृत्त झालेत. मुद्रा कर्जाच्या, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतल्या कर्जाच्या फायली त्यांनी इतक्या पाहिल्यात की चहाचं नाव काढलं तरी त्यांना हप्ता आठवतो.

"ह्यात लिहिलंय."

"ते ज्याने छापलंय तो चहा विकत नाही, बोर्ड विकतो. काढ पेन."

मग त्या माहितीपत्रकाच्याच मागे हिशोब सुरू झाला. १ लिटर दूध, ६० धरलं. त्यात अर्धा लिटर पाणी, उकळून आटून अमृततुल्याच्या मापाचे १८ कप. पावडर १५ रुपयांची, साखर ६, आलं-वेलची ४, गॅस ६. कागदी कप पाऊण रुपयाला एक, म्हणजे १४. बेरीज १०५. कपाला जवळजवळ ६ रुपये खर्च आणि ४ सुटले.

"गॅस ६ कशाला? घरचा सिलेंडर..." पिंट्या बोलायला गेला.

"घरचा १४.२ किलोचा लाल सिलेंडर दुकानात सापडला तर दुकानही जाईल आणि तूही," सुध्या म्हणाला. "निळा १९ किलोचा घ्यावा लागतो."

सुध्याला हे अनुभवाने माहीत. तीन वर्षांपूर्वी त्याने कॉलेजबाहेर फिल्टर कॉफीची गाडी लावली होती. चिकोरी घातलेली पूड, पितळी फिल्टर, डबरा-टंबलर म्हणजे पसरट वाटी आणि पेला, सगळं साग्रसंगीत. डिकॉक्शन म्हणजे कॉफीचा अर्क सकाळी काढायचा आणि दुपारी उरलेलं ओतून द्यायचं, कारण शिळ्या डिकॉक्शनची कॉफी तो स्वतःच प्यायचा नाही. पोरं येऊन विचारायची, "दादा, फेसवाली नाही का?" सात महिन्यांत गाडी विकली. तो विषय निघाला की सुध्या गप्प होतो, म्हणून आम्ही काढत नाही. त्या दिवशी त्याने स्वतःच काढला.

अण्णांचं पेन थांबलं नव्हतं. दुकानाचं भाडं ३० हजार, बऱ्या कोपऱ्यावर ह्याहून कमीत नाही. दोन पोरं ३६ हजार, त्यांचं जेवण वेगळं. लाइट-पाणी ४ हजार. महिन्याला ७० हजार. भागिले ४.

"१७,५०० कप," अण्णा म्हणाले. "रोजचे ५८३. तेव्हा कुठे तू शून्यावर आलास. पहाटे ५ ते रात्री १० दुकान उघडं धरलंस तर पावणेदोन मिनिटाला एक कप विकला गेला पाहिजे. तू जेवायला बसलास तरी."

पिंट्या थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गणपतीत तर रात्रभर चहा जातो."

"आणि मे महिन्यात लोक चहा सोडून रसवंतीवर जातात," अण्णा म्हणाले.

"आणि तुझे ९ लाख?" सुध्याने विचारलं. "तीन वर्षांत परत यायला हवेत ना? महिन्याला २५ हजार. म्हणजे रोज आणखी २०८ कप. घरचा किराणा अजून धरलेलाच नाही."

अण्णांना आता चव आली होती. "आणि ५८३ कप म्हणजे वर्षाला २१ लाखांच्या वर विक्री. २० लाखांच्या पुढे गेलास की जीएसटीची नोंदणी. फूड लायसन्स तर पहिल्या दिवसापासून."

मला आकडे पटत होते, पण एक गोष्ट खटकत होती. मी समोर बोट दाखवलं. "मग शेठचं कसं चालतं? त्यांचा कपही १० रुपयांचाच आहे, दूध तर आपल्या हिशोबापेक्षा घट्ट."

पुण्यातली जुनी अमृततुल्यं बहुतेक राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांची. पाटीवर देवाचं किंवा देवीचं नाव, दारातच ओटा, ओट्यावर पितळी पातेलं आणि मांडी घालून बसलेला मालक. आमचे शेठ तिसऱ्या पिढीचे. मराठी आमच्याहून शुद्ध बोलतात. पातेल्याला वेळच्या वेळी कल्हई, वेलची खलबत्त्यात कुटलेली, गाळायला कापड. आलं आधी पाण्यात उकळून घेतात, मगच दूध ओततात. कच्चं आलं थेट दुधात पडलं तर दूध फाटतं, हे मला त्यांच्या ओट्यावरच कळलं.

पिंट्याने हाक मारली, "शेठ, तुमचा मसाला काय आहे हो नेमका?"

शेठ हसले. "वेलची आणि आलं. सुंठ थंडीत. लपवायला काय आहे?"

"मग परवडतं कसं?"

"भाडं विचार की," सुध्या पुटपुटला.

शेठना ऐकू गेलं. "पागडीची जागा आहे, भाडं जुनंच ठरलेलं. महिन्याचं भाडं तुमच्या आजच्या चहात निघेल. ओट्यावर मी, दुपारी मुलगा, संध्याकाळी पुतण्या. पगार कोणालाच नाही."

तिथेच मला उत्तर मिळालं. आम्ही इतकी वर्षं शेठच्या हाताची चव वाखाणतोय आणि ती खरीच आहे. पण चव गिऱ्हाईक आणते, पैसा उरतो तो न दिलेल्या भाड्यातून आणि न दिलेल्या पगारातून. पिंट्याकडे दोन्ही नाही, मी तसं बोलूनही दाखवलं. त्याच्या मुलीला सीए व्हायचंय, ती ओट्यावर बसणार नाही आणि बसूही नये.

सुध्याला मात्र एवढं मान्य नव्हतं. "तू त्याला सरळ नाही म्हणून मोकळा होतोस. फ्रँचायझी नको, एवढंच माझं म्हणणं. छोटी जागा घे, दहा बाय आठची. एकच पोरगा ठेव, पातेल्यावर स्वतः उभा राहा. खारी, क्रीमरोल, बनमस्का ठेव, चहाबरोबर हात तिकडे जातोच. आसपासच्या ऑफिसांत थर्मास पोचव, तिथे बाकडंही लागत नाही."

"सिगरेट?" पिंट्याने विचारलं.

"सिगरेटने गर्दी होते," शेठ आतून म्हणाले, "पण बायका यायच्या बंद होतात. आजोबांनी ठेवली नाही, मीही नाही." मग आमच्याकडे पाहून जोडलं, "आणि बाकडं जपून टाक. हे चौघं दीड तास बसलेत, आठ चहा झाले. ह्यांच्यावर दुकान चालत नसतं."

आम्ही उगाच जरा सरकून बसलो.

उधारीवर वेगळाच वाद झाला. पिंट्याचं म्हणणं, आता सगळे स्कॅन करतात, उधारी संपली. शेठनी गल्ल्याखालची वही काढून दाखवली. शेजारच्या ऑफिसवाल्यांची पानंच्या पानं. स्कॅनचा डबा प्रत्येक १० रुपयांना ओरडतो खरा, पण जो "महिन्याला देतो" म्हणतो त्याच्यासाठी तो ओरडत नाही. त्याला नाही म्हटलं तर तो पुढच्या टपरीवर जातो, सोबत त्याचे चार मित्रही.

अण्णांनी कागद घडी करून पिंट्याच्या खिशात ठेवला. "कर्ज हवं असेल तर मुद्रात शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं. गाडी, पातेली, शेगडी त्यात येतात. ९ लाख मोडू नकोस. ते घरात ठेव."

पिंट्या शेठकडे बघत होता. "शेठ, महिनाभर तुमच्याकडे शिकायला आलो तर चालेल?"

"ये की. पगार नाही, चहा हवा तेवढा. पहाटे साडेचारला दूध येतं, तेव्हापासून."

"साडेसहाला आलो तर?"

शेठनी पातेल्यावरचं झाकण काढलं, चहा कापडातून किटलीत गाळला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "साखर कमी की नेहमीची?"