मामा म्हणतील ती पूर्व दिशा

माझ्या सासुरवाडीत मामा म्हणतील ती पूर्व दिशा, हे लग्नाच्या बोलणीतच माझ्या कानावर घातलं होतं. (सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात.) लष्कराच्या कागदावर मात्र याच मामांची पूर्व पश्चिम झालेली आहे, हे कुणी बोललं नाही. बोललं असतं म्हणून मी स्थळ नाकारलं नसतं, पण झेरॉक्सवाल्याशी जरा आधीपासून ओळख वाढवली असती.

प्रकरण १९७१ चं. मामा फौजेत ड्रायव्हर. त्यांची मूळ युनिट राजस्थानच्या बाजूला आणि मामा तात्पुरते दुसरीकडं जोडलेले, थेट त्रिपुरात. रेल्वे धर्मनगरला संपायची. तिथून पुढं आगरतळ्यापर्यंत रेशन, डिझेल आणि तोफगोळे ट्रकनं न्यायचे. वाटेत अठारामुराचे डोंगर आणि रात्री हेडलाइट लावायला बंदी. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं, १६ तारखेला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या, आणि मामा सगळा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे.

पुढं सरकारनं पदकं दिली. पूर्व आघाडीवरच्यांना पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवरच्यांना पश्चिमी स्टार, शिवाय संग्राम मेडल. युनिटमधल्या कुणा बाबूनं नावांची यादी करताना सगळी पलटण सरसकट एका दिशेला उभी केली आणि मामांच्या नावावर पश्चिमी स्टार आला. पाच टोकांचा, मधे अशोकस्तंभाचे सिंह, सगळं कसं झकास. फक्त आघाडी दुसऱ्याची.

मामांनी तो आजतागायत छातीला लावलेला नाही. पंधरा ऑगस्टला बाकीची मेडलं ब्रासोनं घासून लावतात, स्टार ट्रंकेत. कुणी विचारलं तर म्हणतात, "जिथं आपुन गेलोच न्हाई, तिथलं कशाला मिरवू?" तक्रार करायची नाही अशी शिस्त होती, म्हणून इतकी वर्षं ट्रंक गप्प होती.

तिला वाचा फुटली ती मामींमुळं. पेन्शनचा कारभार ऑनलाइन गेला आणि पत्नीचं नाव जुळत नाही असा लाल शेरा आला. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. माहेरची हौसा मांडवात उभी राहते, ताम्हनातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं जातं, आणि सुमन होऊन घरी जाते. मामांनी पलटणीला कळवलं 'सुमन'. ते पार्ट टू ऑर्डरमधे, म्हणजे जवानाच्या घरच्या नोंदींच्या फौजी हुकमात, छापून आलं. फौजेत लग्न लागतं ते खरं तेव्हाच, भटजींचं काम नुसतं प्राथमिक. आधार मात्र निघालं चौथी पास झाल्याच्या दाखल्यावरून, म्हणजे 'हौसा'. संगणकाच्या हिशेबानं मामांना दोन बायका झाल्या.

मामींना हे सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. "दुसरी कोन ते मलाबी कळू दे," एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी भाकरी जरा जोरातच थापल्या गेल्या.

खुद्द मामांचं नाव जगन्नाथ. भरतीच्या वेळी उत्तरेकडच्या कारकुनानं ते ऐकलं आणि 'जगन' एकीकडं, 'नाथ' दुसरीकडं अशी फाळणी केली. जन्मतारखेचं तर विचारूच नका. गुरुजींनी अर्ध्या गावाला दिली तशी त्यांनाही १ जून दिली होती. भरती साहेबांनी दाढी-मिशांचा अंदाज घेऊन वेगळीच टाकली.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले कल्याण संघटक स्वतः निवृत्त सुभेदार, भला माणूस. वयानं मामांपेक्षा कितीतरी लहान, पण हुद्दा मोठा म्हणून मामा त्यांच्यासमोर खुर्चीतसुद्धा सावधान बसतात. त्यांनी डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा हुकूम) चाळून सांगितलं, "भरतीच्या वेळची तारीख फौज सहसा बदलत नाही. आधारवरची बदलून घ्या, ते सोपं. बाईंचं प्रतिज्ञापत्र करा, हौसा ऊर्फ सुमन, एकच व्यक्ती. आणि अर्जात गोष्ट सांगायची नाही. नंबर, हुद्दा, नाव, काय चुकलंय, काय पाहिजे, पुरावा. खलास."

हा शेवटचा सल्ला मामांना पटला नाही. अर्ज मी लिहायचा आणि ते सांगायचे, असं ठरलं होतं. पहिलं वाक्य होतं, "महोदय, त्या रात्री धुकं असं होतं की स्वतःचं बॉनेट दिसंना." मी म्हटलं, "मामा, नंबर सांगा." मामांनी नंबर तोफ डागावी तसा सांगितला आणि परत धुक्यात शिरले. दुसऱ्या पानावर हेलिकॉप्टरं मेघना नदी ओलांडायला लागली, तेव्हा मी पेन खाली ठेवलं. खरं सांगतो, तो अर्ज मी जपून ठेवलाय. पाठवला तो चार ओळींचा. कारकुनांचं दुर्दैव.

पोर्टलवर तक्रार नोंदवायची तर ओटीपी मामांच्या मोबाइलवर येणार. ओटीपी आला. मामांनी चष्मा लावून तो वाचला, मनातल्या मनात. मी म्हटलं, "सांगा ना." तर म्हणाले, "जावईबापू, तुमच्यावर अविश्वास न्हाई. पन पासवर्ड कुनालाबी सांगायचा नसतो, ही पहिली शिकवन." मग त्यांनी तो स्वतः दाबायला घेतला. एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत बोट सावकाश निघायचं, रस्ता सुरक्षित आहे ना बघायचं, मग उतरायचं. चौथ्या आकड्यापाशी मुदत संपायची. शेवटी नातीनं फोन हातातून काढून घेतला. नातीच्या हुकमापुढं कुठली शिकवण टिकत नाही.

उत्तर आलं आणि बायकांचा प्रश्न एका झटक्यात सुटला. दोन नावं, एक बाई, एक प्रतिज्ञापत्र, मंजूर. जगन आणि नाथ यांचंही मनोमीलन झालं. अडलं ते दिशेपाशी. अर्जदार डिसेंबर १९७१ मधे पूर्व आघाडीवर होता याचा कागदोपत्री पुरावा जोडावा. तात्पुरत्या नेमणुकीचा हुकूम आमच्याकडं असता तर यादीच चुकली नसती, हे लिहिण्याचा मोह मी आवरला. बरोबरच्या ड्रायव्हरांपैकी जे सापडले त्यांना ऐकू येत नव्हतं. एकानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख सांगितली.

पुरावा निघाला मामींच्या ट्रंकेतून. एक निळसर अंतर्देशीय पत्र, घड्यांवर चिरलेलं. मागं मामांचा पत्ता, शेवटी 'मार्फत ९९ एपीओ', म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. सुभेदारसाहेबांनी ते पाहिलं आणि टेबलावर थाप मारली. फौजेची टपालं जागेच्या नावानं जात नाहीत, पण पूर्वेकडची ९९ एपीओच्या पत्त्यावर आणि उत्तर-पश्चिमेकडची ५६ एपीओच्या. माणूस राजस्थानात असता तर ९९ कशाला लिहील? वर डिसेंबर ७१ चा फील्ड पोस्टाचा शिक्का, अगदी वाचता येईल असा. युद्धाच्या धामधुमीत शिक्का नीट मारणाऱ्या त्या अनाम टपालवाल्याला खरं तर स्टार द्यायला हवा.

आता या पत्राची साक्षांकित प्रत हवी. राजपत्रित अधिकारी तरुण आणि चौकस. त्यांनी सही करण्याआधी पत्र वाचायला घेतलं, मोठ्यानं. मामी पदर सावरून दाराबाहेर जायच्या बेतात. पण त्या काळी बायकोला पत्र लिहायची सोय कुठं होती! पत्र होतं 'तीर्थरूप दादांस', आणि मजकूर असा की चंद्री म्हैस व्याली का, रेडी झाली की रेडा, चंद्रीला सरकी कमी करू नये, मी खुशाल आहे, काळजी नसावी. म्हशीचं नाव दोनदा, मामींचं एकदाही नाही.

"आणि हे तुम्ही इतकी वर्षं जपून ठेवलंत?" साहेबांनी विचारलं.

"अक्षर त्यांचं हाय न्हवं," मामी म्हणाल्या.

साहेबांनी गुमान सही केली.

मग बरेच महिने शांतता. दरम्यान मामांनी ट्रॅकिंग हा शब्द आत्मसात केला आणि पोस्टमनचं जगणं हराम केलं. अखेर पत्र आलं. पुरावा ग्राह्य, नोंद दुरुस्त, पूर्वी स्टार देण्याची कारवाई सुरू. आणि खाली एक ओळ: चुकून दिलेला पश्चिमी स्टार रजिस्टर्ड पार्सलनं परत करावा.

मला वाटलं मामा लगेच ट्रंक उघडतील. ते पाटावर बसून राहिले. "एवढी वर्षं सांभाळला. कुनाचा का असंना." मी म्हटलं, मामा, नियम आहे. नियम म्हटल्यावर उठले. ज्या पदकाला पन्नास वर्षांत कधी फडकं लागलं नव्हतं, त्याला त्या संध्याकाळी ब्रासो लागलं. दुसऱ्याचा माल चकाचक करूनच परत द्यायचा, ही बहुधा दुसरी शिकवण.

पोस्टात रांगेत मामा पार्सल दोन्ही हातांत धरून उभे. खिडकीतल्या मुलीनं वजन केलं आणि स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "आजोबा, विमा करायचाय? आतल्या वस्तूची किंमत किती?"

मामांनी तिच्याकडं असं काही पाहिलं की तिनं आपल्याच मनानं पाचशे रुपये टाकले.