या वयात पुन्हा क्लास

नवशिक्या प्रोग्रॅमरला ऑब्जेक्ट ओरिएंटेड, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एका 'ऑब्जेक्ट'मध्ये बांधणारी, भाषा शिकवणं सोपं, कारण त्याची पाटी कोरी असते. आम्हा जुन्या प्रोग्रॅमरांच्या पाटीवर सी या जुन्या भाषेचं वर्षानुवर्षांचं वळण कोरलेलं असतं, आणि कोरलेलं ओल्या फडक्यानं पुसलं जात नाही. त्यात आम्हाला पहिल्याच दिवशी वाटतं की हे तर येतंच. इफ तोच, लूप तोच, महिरपी कंसही तेच. दुसऱ्या दिवशी जावा या नव्या भाषेतला प्रोग्रॅम चालायलाही लागतो, आणि तिथेच घात होतो.

तो प्रोग्रॅम उघडून पाहावा. एकच क्लास (ऑब्जेक्टचा साचा), नाव 'युटिल्स'. आत चाळीस मेथड (क्लासची कामं), आणि झाडून सगळ्या स्टॅटिक, म्हणजे ऑब्जेक्टविना चालणाऱ्या. हे असं होण्याला एक साखळी आहे. जावाच्या पारंपरिक रचनेत 'मेन', म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती मेथड, स्टॅटिक असते, कारण प्रोग्रॅम सुरू होताना एकही ऑब्जेक्ट जन्मलेला नसतो. त्या मेनमधून आपण साधी मेथड बोलावली की कोड तपासून त्याचं भाषांतर करणारा कंपायलर कुरकुरतो: नॉन-स्टॅटिक मेथड स्टॅटिक संदर्भातून बोलावता येत नाही. आम्ही त्या मेथडच्या कपाळी स्टॅटिक लावतो. मग ती मेथड ज्या व्हेरिएबलना हात लावते त्यांनाही स्टॅटिक व्हावं लागतं. तासाभरात सगळं गाव स्टॅटिक होतं आणि आमचे जुने, कुठूनही बदलता येणारे ग्लोबल व्हेरिएबल नवीन कपडे घालून घरात येतात. उपाय तीन ओळींचा आहे: मेनमध्ये एक ऑब्जेक्ट तयार करायचा, त्याची एक मेथड बोलवायची आणि मेनमधून बाहेर पडायचं. पण तीन ओळींची मेन पाहून जुन्या माणसाला आपण काही काम केलंय असं वाटत नाही.

पुढची पायरी गेटर-सेटरची. कुणीतरी सांगतं की डेटा प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून हात न लावता येणारा, ठेवावा. आम्ही आज्ञाधारकपणे ठेवतो आणि लगेच प्रत्येक फील्डला (आतल्या व्हेरिएबलला) एक वाचणारा गेटर आणि एक बदलणारा सेटर जोडतो. म्हणजे दाराला कुलूप, आणि किल्ली कुलपालाच लटकवलेली! खात्याचा क्लास घ्या. बाहेरून शिल्लक विचारायची, त्यातून रक्कम वजा करायची आणि उरलेली परत सेट करायची, असा कोड सात ठिकाणी लिहिला जातो. शिल्लक पुरेशी आहे का ही तपासणी त्यातल्या सहाच ठिकाणी असते. सातवी जागा कोणती, हे खातं उणे झाल्यावर कळतं. 'पैसे काढा' ही मेथड खात्यातच ठेवली, तपासणी तिच्या आत घातली आणि शिल्लक बदलणारा सेटर उडवून टाकला, की सातही जागा एका फटक्यात सुधारतात. ऑब्जेक्टला त्याची माहिती विचारून त्याचं काम आपण करायचं नाही, काम त्यालाच सांगायचं. ऐकायला हे एक वाक्य आहे. हाताला पटायला काही महिने लागतात.

कारण हाताला सवय स्विचची. आकार वर्तुळ असेल तर हे, चौरस असेल तर ते. असा एक स्विच क्षेत्रफळाला, एक परिघाला, एक चित्र काढायला. त्रिकोण आला की तिन्हीकडे भर घालायची, आणि तिसरीकडे विसरायचं. नव्या भाषेत प्रत्येक आकार आपलं क्षेत्रफळ स्वतः सांगतो, आणि त्रिकोण म्हणजे फक्त एक नवा क्लास. आम्ही क्लास तर करतो, पण त्यांच्यावर विश्वास टाकत नाही. समोर आलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टला 'इन्स्टन्सऑफ' (तू अमक्या क्लासचा का?) लावून दरडावतो: बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर! मात्र इथे नव्या धर्माच्या प्रचारकांचंही सगळं खरं मानू नये. आकार ठरलेले आहेत आणि दर महिन्याला नवीन क्रिया वाढतायत, अशी स्थिती असेल तर प्रत्येक क्रियेसाठी सगळे क्लास उघडत बसावं लागतं. तिथे जुना स्विचच बरा.

इन्हेरिटन्स, म्हणजे एका क्लासनं दुसऱ्याचा वारसा घेणं, कळल्यावरचे नऊ दिवस फार धोक्याचे. जे दिसेल त्याला वारस लावला जातो. खुद्द जावाच्या लायब्ररीत 'स्टॅक' हा 'व्हेक्टर' या यादीचा वारस आहे. स्टॅकची शिस्त अशी की ठेवायचं वर आणि काढायचंही वरूनच. पण बापाच्या सगळ्या मेथड वारशात मिळाल्यामुळे या स्टॅकच्या मधोमध वस्तू घुसवता येते. खाण तशी माती. स्टॅकच्या पोटात एक यादी ठेवली असती तर ही वेळ आली नसती.

कन्स्ट्रक्टर म्हणजे ऑब्जेक्ट घडवणारा कोड, त्यातला खड्डा याहून खोल. बापाच्या कन्स्ट्रक्टरनं एखादी मेथड बोलावली आणि ती मुलानं ओव्हरराइड केलेली, म्हणजे आपल्या पद्धतीनं पुन्हा लिहिलेली, असली, तर जावात मुलाची मेथड धावते, तीही मुलाची फील्ड भरायच्या आधी. हाती लागतो नल (काहीच नाही) किंवा शून्य. सीमध्ये क्लासची भर घालणाऱ्या सी प्लस प्लसमध्ये त्याच जागी बापाचीच मेथड धावते. एका भाषेतून दुसरीत गेलेला माणूस दोन्हीकडे फसतो.

आणि समानता! दोन स्ट्रिंग (अक्षरांच्या माळा) दुहेरी बरोबरच्या चिन्हानं ताडल्या की जावा त्यांचा मजकूर पाहत नाही, दोन्हीकडे तोच ऑब्जेक्ट आहे का हे पाहतं. कोडमध्ये थेट लिहिलेल्या सारख्या स्ट्रिंगचा ऑब्जेक्ट एकच असतो, म्हणून चाचणीत सगळं जुळतं. वापरणाऱ्यानं तेच टंकलं की जुळत नाही. 'इंटिजर' या पूर्णांकाच्या ऑब्जेक्टची तऱ्हा आणखी न्यारी. उणे १२८ ते १२७ हे आकडे आधीच तयार करून ठेवलेले असतात, म्हणून १२७ हा १२७ बरोबर ठरतो आणि १२८ हा सहसा १२८ बरोबर नसतो. शहाण्यानं आतलं मूल्य ताडणारं 'इक्वल्स' वापरावं. स्वतःच्या क्लाससाठी ते लिहिलं तर वस्तू कुठे शोधायची हे ठरवणारं 'हॅशकोड'ही लिहावं, नाहीतर हॅशमॅप या साठ्यामध्ये ठेवलेली वस्तू तिथेच असूनही सापडत नाही.

हा सगळा खटाटोप सुरू झाला ओस्लोला. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांना सिम्युलेशनसाठी (खऱ्या व्यवहाराची संगणकावर नक्कल करायला) भाषा हवी होती. त्यांच्या सिम्युला ६७मध्ये क्लास आणि सबक्लास दोन्ही होते. पुढे स्मॉलटॉक या भाषेनं सगळा व्यवहार निरोपांवर आणला. तिथे बेरजेचं चिन्हसुद्धा आकड्याला धाडलेला निरोप असतो आणि असे निरोप डावीकडून उजवीकडे जातात. म्हणून तीन अधिक चार गुणिले दोन याचं उत्तर स्मॉलटॉकमध्ये १४ येतं. शाळेतलं अकरा विसरायची तयारी असेल त्यानंच तिकडे जावं.

गंमत अशी की हे आम्ही आधीपासून करत होतो. सीमधली फाइल उघडणारी 'एफओपन' एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देते, आत काय आहे ते आपण बघत नाही, आणि तोच पॉइंटर फाइल बंद करणाऱ्या 'एफक्लोज'ला परत देतो. हा ऑब्जेक्टच, फक्त बारसं झालेलं नाही. पायथॉन भाषेतला 'सेल्फ' म्हणजे मेथडच्या हाती दिलेला तोच पहिला आर्ग्युमेंट, उजळ माथ्यानं. क्रम लावणाऱ्या 'क्यूसॉर्ट'ला तुलनेचं फंक्शन दिलं की पॉलिमॉर्फिझमचा (हाक एकच, उत्तर ज्याचं त्याचं) अर्धा धडा झाला. हे कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर 'कुत्रा हा प्राणी आहे आणि तो भुंकतो' ही उदाहरणं आम्हाला सोसावी लागली नसती.

अखेर सी प्लस प्लस अंगवळणी पडतं. डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट संपताना आपोआप धावणारा कोड, ब्लॉक संपताच मेमरी सोडतो, फाइल बंद करतो, कुलूप उघडतो. आणि मग जुन्या सी कोडमध्ये एक छोटी दुरुस्ती करायला जावं, तर फाइल उघडून, लिहून, फंक्शनचा कंस मिटून आम्ही निवांत बसतो. एफक्लोज कुणीतरी करेलच.