मुठीमुठीने

मिझोराममधल्या कुटुंबावरचा लेख आवडला. चर्चच्या परदेशातल्या मिशनकार्यासाठी ही मंडळी रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात, एवढंच लिहून तुम्ही पुढे गेलात. खरी गंमत तिथेच आहे हो! त्याला 'बुहफाइ थाम' म्हणतात, १९१० च्या सुमाराची प्रथा. चर्चच्या बायका घरोघरी फिरून तांदूळ गोळा करतात, तो विकून पैसे चर्चकडे जातात. गरिबालाही जमतं, कारण हातात रोकड लागत नाही.

आम्ही अहमदनगरचे. १८१३ साली मुंबईत आलेलं अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला पोचलं, तेही अमेरिकेतल्या घराघरांतल्या देणग्यांवरच. माझी आजी पीठ मळायच्या आधी मूठभर डब्यात टाकायची, रविवारी डबा देवळात. (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो.) दुष्काळातही थांबली नाही, मूठ मात्र लहान झाली असणार.

एक खटकलं. कुटुंबाने किती रुपये जमवले ते ठळक अक्षरात, पण रोज मूठ काढणाऱ्या त्या घरच्या बाईचं एकही वाक्य नाही. तिला विचारायला हवं होतं.