कोकण रेल्वे आणि दंडवते : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण खुले झाले की परळ-लालबागपासून डोंबिवलीपर्यंतच्या चाकरमान्यांच्या मोबाइलवर एक संदेश हमखास फिरू लागतो. मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि त्याच कारकिर्दीत त्यांनी एकट्याच्या बळावर कोकण रेल्वे आणली, बाकांवरच्या गाद्या वगैरे त्यांची किरकोळ कामे होती, आणि तरीही कृतघ्न कोकणाने त्यांना पाडले, असा त्याचा मथितार्थ. दंडवत्यांविषयी आदर असल्यामुळेच तो तपासून पाहावासा वाटतो.

पहिली चूक कालक्रमाची आहे. दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते, तर कोकण रेल्वे महामंडळ १९ जुलै १९९० रोजी स्थापन झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रोह्याला पायाभरणी झाली. तेव्हा विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात रेल्वे खाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे आणि अर्थखाते दंडवत्यांकडे होते.

‘एकट्याच्या बळावर’ हे तर मुळीच खरे नाही. राजापूरचे त्यांच्या आधीचे खासदार बॅ. नाथ पै यांनी ही मागणी लावून धरली होती, ई. श्रीधरन यांनी महामंडळाची धुरा सांभाळली. दंडवत्यांचा खरा वाटा मात्र संदेशाच्या लेखकाला दिसलेलाच नाही. रेल्वेच्या वार्षिक तरतुदीवर विसंबून राहिले असते तर हा मार्ग इतर प्रकल्पांच्या रांगेत किती वर्षे तिष्ठत राहिला असता, कोण जाणे. त्याऐवजी भागभांडवलात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा असलेले स्वतंत्र महामंडळ काढून उरलेला पैसा रोख्यांद्वारे बाजारातून उभारण्यात आला, आणि अर्थखात्याच्या संमतीवाचून अशी रचना उभी राहणे शक्य नव्हते.

गाद्यांना किरकोळ म्हणणाऱ्याने लाकडी फळीवर रात्र काढलेली नसावी. द्वितीय श्रेणीच्या शयनयानातील बाकांवर दोन इंच फोम घालण्याचा निर्णय, २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर सुरू झालेली वर्गविरहित गीतांजली एक्स्प्रेस आणि १९७४ च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना पुन्हा कामावर घेणे, ही तिन्ही कामे एकाच समाजवादी विचारातून आली होती. त्या संपाचे नेते फर्नांडिसच होते, हे या दोघांपैकी एकाला मोठे करण्यासाठी दुसऱ्याला पुसून टाकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

राहिला कृतघ्नतेचा आरोप. सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या या प्राध्यापकाला राजापूरने १९७१ पासून सलग पाच वेळा लोकसभेत पाठवले. १९९१ मध्ये ते हरले हे खरे. परंतु तेव्हा रोह्याच्या पुढे कोकणात गाडी धावतच नव्हती. संपूर्ण मार्ग प्रवाशांसाठी खुला व्हायला जानेवारी १९९८ उजाडावे लागले. जी गाडी मतदारांनी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती, तिचे उपकार ते विसरले असे कसे म्हणणार?